लॅपटॉपचा मालक

"डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?" पडद्यावर प्रश्न आला आणि मुलीने बापाकडे पाहिलं.

"पूस," बाबा म्हणाले.

चाळीस वर्षं कुलपं-किल्ल्यांच्या धंद्यात काढलेला माणूस. ते लिहीत असलेल्या पुस्तकाची पानं आणि त्यासाठी काढलेली कुलपांची साडेतीनशे चित्रं मुलीने सकाळीच दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली होती. त्यांनी ती एकेक उघडून पाहिली, तेव्हाच पुसायला तयार झाले. त्यात दीड तास गेला. पण आज काम संपवल्याशिवाय हलायचं नाही हे मुलीने ठरवलं होतं.

हा लॅपटॉप आता जुना झाला, नवा घ्या, असं कंपनीने कळवलं होतं. मुलीचा भाऊ लगेच नवा आणायला निघाला. बाबांनी डोक्यात राख घालून घेतली. "चालतं यंत्र मोडीत काढायचं? का, तर कुणीतरी सांगितलं म्हणून?" तेव्हा मुलीने जुना लॅपटॉपही नीट चालवणाऱ्या, फुकटच्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या या प्रणालीची गोष्ट काढली. "ही कुणा एका कंपनीची नाही, बाबा. हजारो लोकांनी मिळून बांधलीय. आत काय आहे ते कुणालाही उघडून बघता येतं. काय ठेवायचं, काय बदलायचं ते तुम्ही ठरवायचं. मालक तुम्ही."

शेवटचे दोन शब्द बाबांना फार आवडले. आवडणारच. गेल्या वर्षी ते जिन्यावरून पडले, तेव्हापासून मुलांनी एकेक गोष्ट त्यांच्या हातून काढून घेतली होती. गाडी मुलाने विकून टाकली. औषधांचा डबा मुलगी दर रविवारी येऊन भरायची. दुकानाचं शटर खाली आलं ते पुन्हा वर गेलं नाही. सगळं काळजीपोटी, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. उरला होता हा लॅपटॉप. नव्याने धंदा शिकणाऱ्यांसाठी ते त्यावर कुलपांचं पुस्तक लिहीत होते. दोन बोटांनी, दिवसाला एक पान.

दुपारी तीनला काम फत्ते झालं. अक्षरं मोठी केली, प्रिंटर जोडला, पानं आणि चित्रं परत आपल्या जागी ठेवली. लॅपटॉप असा झटकन उघडला की बाबा हसले. "अरे, हा तर तरणाबांड झाला!" मग त्यांनी चित्रांवर मापं टाकायचा एक छोटासा प्रोग्रॅम शोधून काढला आणि तो घ्यायला बटण दाबलं. पडद्यावर चौकट आली. पासवर्ड.

"काय टाकू?"

"थांबा, मी टाकते."

"तू टाक, पण काय आहे ते सांग की."

मुलगी जरा घुटमळली. "रोजच्या कामाला तो लागणारच नाही, बाबा. नवीन काही घ्यायचं किंवा बदलायचं असलं तरच लागतो. म्हणून माझ्याकडे ठेवलाय. तुम्ही भलतंच काहीतरी दाबाल आणि मग निस्तरायला मला तीन तासांचा प्रवास. काही लागलं की फोन करा, मी इथे आले की करून देईन."

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"आमच्या धंद्यात एक रीत आहे," ते म्हणाले. "दाराला कुलूप बसवून झालं की असतील तेवढ्या सगळ्या किल्ल्या मालकाच्या हातावर ठेवायच्या. एकही आपल्या खिशात राहता कामा नये."

"पण बाबा, मी काळजीपोटीच..."

"काळजी मलाही असायची. एक बाई होती, महिन्यातून तीनदा किल्ली हरवायची. दर वेळी जाऊन दार उघडून दिलं. पण तिची किल्ली ठेवून घेतली नाही. किल्ली दुसऱ्याच्या खिशात असली ना, की माणूस त्या घरात नुसता राहतो. घर त्याचं नसतं."

मुलीला लाज वाटली. सकाळपासून ती कंपनीला नावं ठेवत होती, आणि कंपनीला हाकलून आयत्या बिळावर नागोबा होऊन स्वतःच बसली होती. भीतीही वाटली. बाबा खरंच काहीतरी भलतं दाबतील, पुस्तकाची पानं घालवतील, आणि तिला काही करता येणार नाही. तरी तिने लॅपटॉप पुढे ओढला. सगळे अधिकार बाबांच्या नावावर केले, स्वतःचं नाव काढून टाकलं आणि तो परत त्यांच्याकडे वळवला.

"नवा पासवर्ड तुम्ही टाका. दोनदा टाकायला लागेल. मी बघत नाही."

ती खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मागे दोन बोटं सावकाश चालली. थांबली. पुन्हा चालली. "हुकलं," बाबा पुटपुटले. ती वळली नाही. जरा वेळाने त्यांना हवा असलेला प्रोग्रॅम त्यांनी स्वतःच घेतला, आणि काही विचारलंही नाही.

तिने वायर गुंडाळली, पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला, पायात चपला सरकवल्या. बाबा दारापर्यंत आले आणि त्यांनी तिच्या हातावर घडी घातलेला कागद ठेवला. तिने तो उघडला. आत त्यांच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द होता, आणि त्यापुढे चार आकडे.

"बाबा, हा तर पासवर्ड! मग एवढं सगळं कशासाठी केलं आपण?"

"मघाशी तो तू घेतला होतास," बाबा म्हणाले. "हा मी देतोय."