बोडक्या उतारावरचं पहिलं रोप

आईला विचारायचं सोडून राधाकिशननं गावभर दवंडी दिली, की पहिलं रोप बायनाबाईच्या हातचं. जंगल सोसायटीचा चेअरमन झाल्यापासून त्याची विचारायची सवयच मोडली होती. घरात विचारलं तर म्हातारी तोंडावर नाही म्हणेल, चारचौघांत म्हणणार नाही, एवढी अक्कल मात्र त्याला आली होती.

आता उतारावर एका अंगाला बाहेरगावचे पाहुणे, दुसऱ्या अंगाला सोसायटीचे डायरेक्टर, मागं सारं गाव. राधाकिशननं तिचं कोपर धरलं होतं. बघणाऱ्याला वाटावं, आईला जपतोय. बायनाबाई काही पडणारी बाई नव्हती. तो तिला धरून ठेवत होता.

हा उतार एकेकाळी धावड्याच्या झाडांनी भरलेला होता. पूर्वीची माणसं धावडा तोडायची तो गुडघ्याएवढं खोड राखून. त्यालाच पुन्हा फुटवा यायचा. राधाकिशनच्या सोसायटीनं कोळशासाठी बुंधेसुद्धा खणून काढले. मग कोरड्या सालात एकच वळीव पडला आणि उताराची कातडी सोलून घेऊन गेला. पायाखाली नुसता खडक राहिला.

सुरुंग लावून केलेल्या वीतभर खड्ड्यात मात्र काळीभोर माती होती.

"ही कुठली रे?" तिनं हळू विचारलं.

"आपल्याच मळ्यातली. ट्रॉलीनं आणली." पाहुण्यांकडं बघून हसतच तो बोलला. "लाव आता माय, लोकं खोळंबलीत."

लोक कशासाठी खोळंबलेत, ते तिला ठाऊक होतं. इथं रोप लागलं, की तोडलेलं जंगल पुन्हा उभं राहतं असं दाखवून पलीकडच्या उताराची तोड आजच्याच सभेत मंजूर व्हायची होती. त्या उताराखाली विहीर होती. गावात पाणी उरलं होतं ते तिच्यातच.

मेंढरांमागून आलेला धुळाजी काठीवर हनुवटी टेकून पुढंच उभा होता. "काकू, लागतंय का झाड हितं? तुमी लावलं, तर आमी बी हात वर करू."

राधाकिशनची बोटं कोपरात रुतली.

"आत्याबाई, माणसांत नको," मागून सून सत्यभामा पुटपुटली.

माणसांत नको, हे बायनाबाईलाही कळत होतं. लेकाची खुर्ची गेली, तर हळदीकुंकवात तिचा पहिला पाटही जाणार होता, आणि त्या पाटावर बसायला तिला लई आवडायचं.

तिनं हात सोडवून घेतला. शेजारची घागर उचलली आणि खड्ड्यात उपडी केली. पाणी मुरलं नाही. काठोकाठ थांबलं, फुगलं, आणि मळ्यातली काळी माती घेऊन खडकावरून खाली ओघळलं. पाहुण्यांनी बूट मागं घेतले.

रोप तिनं राधाकिशनच्याच हातात दिलं.

"माय, काय करायलीस? लोकं बघायलेत."

"बघू दे." धुळाजीपर्यंत जावा, एवढा आवाज तिनं काढला. "डोंगर होता, त्याची तू कुंडी केलीस, राधाकिशन. कुंडीला रोज पानी लागतंय, बाबा. अन् तुला तोडायचीत ती झाडंच गावाचं पानी धरून हायेत. माझा हात न्हाई लागायचा ह्याला."