काळी तीन

"काका, ऐका माझं. पाच वेळा बटण दाबते, गाणं खाली येतं, तुम्ही आरामात म्हणता. कोणाला पत्ता लागणार नाही."

"दादाला लागेल," काका म्हणाले. "काळी तीन म्हणजे काळी तीन."

कराओकेवाल्या बाईंनी कपाळाला हात लावला. गाणं काळी तीन पट्टीतलं, आणि काकांचा आवाज जेमतेम काळी एकचा. दर रविवारी चार वाजता हीच घासाघीस. बाई पूर्वी शाळेत गाणं शिकवायच्या. इथेही आलेल्या प्रत्येकाचा आवाज त्या आधी पेटीवर तपासायच्या, खाली कुठवर जातो, वर कुठे फाटतो, आणि मगच त्याला झेपतील अशा गाण्यांची यादी हातात द्यायच्या. काकांनाही दिली होती. चांगली चाळीस गाणी. काकांनी ती वाचली, दोन चुका दुरुस्त केल्या आणि परत केली.

काका प्रूफं तपासायचे. आयुष्यभर तेच केलं. पूर्वी छापखान्यात चार माणसं तरी दिसायची. आता काम घरीच संगणकावर यायचं आणि तिथूनच परत जायचं. लग्न केलं नव्हतं. बाईंनी एकदा विचारलं, "आठवडाभर बोलता कोणाशी?" काकांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"मंगळवारी लिफ्टमध्ये एकाने किती वाजले विचारलं."

"मग?"

"मी घड्याळ दाखवलं."

बाई खो खो हसल्या, आणि मग त्यांना कसंतरीच झालं. "अहो, मग आवाज लागणार कसा? गंज चढलाय त्याला. पेटी नकोय तुम्हाला, माणसं हवीत."

माणूस म्हणावं असं काकांना एकच होतं, थोरला भाऊ, आणि तोही सातासमुद्रापार. लहानपणी दोघे गच्चीवर हे गाणं म्हणायचे. ध्रुवपद दादाचं, अंतरा धाकट्याचा, कारण वरचे सूर धाकट्यालाच लागायचे. सहा वर्षांपूर्वी वहिनी गेली, तेव्हा दादाने नऊ पानांचं पत्र लिहिलं. मन मोकळं केलं होतं बिचाऱ्याने. काकांनी ते तीनदा वाचलं. रडले. आणि रडता रडता, हाताच्या सवयीने, लाल पेनाने त्यातल्या चुका दुरुस्त करत गेले. इतकं सुंदर पत्र, त्यात चूक राहू नये असं त्यांना मनापासून वाटलं. वर तेच पत्र पाकिटात घालून दादाला परत पाठवलं! आता या माणसाला काय म्हणावं? दादाकडून त्यानंतर एक अक्षर आलं नाही.

माफी मागायला काकांच्या तोंडून शब्द फुटेना. म्हणून त्यांनी ठरवलं, गाणं पाठवायचं. चार महिन्यांनी दादाला सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. पण त्यात एकही चूक नको, आणि उतरवलेली पट्टी तर नकोच नको. दर रविवारी बाई रेकॉर्डिंग सुरू करायच्या. ध्रुवपद वाजत असताना काका माइक धरून गप्प उभे राहायचे, ती जागा दादाची म्हणून. मग अंतरा यायचा, वरचा सा यायचा आणि आवाज फाटायचा. खुर्च्यांवर बसलेले दोनचार जण मान खाली घालून हसायचे.

"तसंच पाठवा हो," बाई म्हणायच्या. "भाऊ आहे तो, परीक्षक नव्हे."

"पुढच्या रविवारी," काका म्हणायचे.

असे अकरा रविवार गेले.

बाराव्या रविवारी काका अर्धा तास उशिरा आले. एरवी वेळ चुकवणारा माणूस नव्हे. पेटीवर आवाजही तपासू दिला नाही. "लावा," एवढंच म्हणाले.

ध्रुवपद सुरू झालं आणि काका गप्प राहिले नाहीत. दादाची ओळ त्यांनीच उचलली. बाई चमकल्या. मग अंतरा आला. आवाज सरळ वर चढला, वरच्या सा'वर जाऊन टेकला आणि तिथेच राहिला. फाटला नाही, थरथरला नाही. खुर्च्यांवरचे लोक हसायचं विसरले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. काकांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"अगं बाई, काय लागलाय आवाज!" बाईंनी रेकॉर्डिंग थांबवलं आणि डोळे पुसले. "मी सांगत नव्हते? बोललात ना कोणाशी तरी?"

"हो. सकाळपासून बोलतोय."

"मग! द्या आता दादांचा नंबर. माझ्या हाताने पाठवते."

काकांनी माइक जागेवर ठेवला. वायर नीट गुंडाळली.

"पुतण्याकडे माझ्याशिवाय इकडच्या कोणाचेच नंबर नव्हते," ते म्हणाले. "त्रेसष्ट फोन केले मी. दादा पहाटे गेला, एवढंच सांगायचं होतं प्रत्येकाला."