डावा पाय

सकाळी नऊ वाजता विजेची बस आगाराच्या फाटकातच गचकन थांबली. क्लच शोधणारा डिगेसरांचा डावा पाय ब्रेकवर पडला होता. या बसला क्लचच नव्हता.

तीस वर्षं ड्रायव्हर घडवणारे सर आज स्वतः परीक्षेला बसले होते. नापास झाले तर स्टिअरिंग कायमचं सुटणार होतं.

“एकच संधी उरली,” मागून परीक्षक म्हणाले.

शेजारी तनुजा होती. सरांचीच विद्यार्थिनी, नव्या बसवर आता त्यांची शिक्षिका.

“सर, मी चुकले की पट्टी मारायचात. आता मी मारू?”

“मार बाई.” सरांनी घाम पुसला.

“नको. डावा बूट काढा. अनवाणी पाय उचलला की लगेच कळतं.”

सरांनी बूट काढला. बस रस्त्याला लागली. पुढच्या चौकात रिक्षा आडवी आली. सरांची डावी टाच तळाच्या पत्र्यावरून उठली. गार पत्रा सुटल्याचं कळताच त्यांनी ती परत टेकवली आणि उजव्या पायाने बस अलगद थांबवली.