दुसरी किल्ली

"पोराची ही खाण्याची वखवख आईकडूनच आलीय," सासूबाई डॉक्टरांसमोरच म्हणाल्या. "दोष कुणाचाच नाही," डॉक्टर म्हणाले. "वडिलांकडचा गुणसूत्राचा तुकडा याला मिळालाच नाही. आईकडचा आहे, पण त्यावर सगळ्यांच्याच शरीरात मिथाइल नावाच्या रसायनाचं कुलूप असतं. तो गप्प राहतो. म्हणून पोट भरल्याचं याला कळतच नाही. अन्न कुलपात ठेवा, नाहीतर खाण्यापायीच जीव जाईल." स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप मी आधीच लावलं होतं. दुसरी किल्ली सासूबाईंकडे. माझी पाठ वळली की त्या त्याला भरवायच्या, वर शेजारणींना सांगायच्या, "लेकराला उपाशी मारते." मी ऐकून घ्यायचे. "म्हणजे आईकडचं नुसतं गप्प बसतंय," सासूबाई पुटपुटल्या. "त्या तुकड्याने बसावं," मी हळूच म्हणाले. "मी नाही बसणार. किल्ली द्या, आई." "बरी वाचा फुटली." किल्ली तळव्यावर पडेपर्यंत मी पुढे केलेला हात हलवला नाही.