लहरींची गाळणी

शालिग्रामने गाळणी दुपारीच रेडिओला जोडून पाहिली होती. शेजारच्या स्टेशनचं गाणं साफ अडलं आणि दिल्लीचा आवाज तेवढा उरला. लढाईत रडारवर असताना त्याने चार बोटं लांबीच्या लहरी गाळायला पितळी नळ्या कानशीने घासून जुळवल्या होत्या. इथे गाळणी म्हणजे बिस्किटांचा डबा आणि आत सूत गुंडाळलेली तांब्याची तार. केसभर फरक पडला की मेहनत पाण्यात, हे मात्र तिथल्यासारखंच.

संध्याकाळी रेडिओवाल्या पंजाबरावांच्या ओसरीवर मेहकरातली निम्मी माणसं जमली. मलायात जपान्यांच्या कैदेतून सुटलेल्या शिपायांची नावं दिल्लीहून एकदाच वाचणार होते. आज वऱ्हाडची पाळी. मनकर्णाबाई रेडिओला चिकटून बसल्या होत्या. त्यांच्या मुलाचं, निवृत्तीचं, साडेतीन वर्षांत एक कार्ड आलं नव्हतं.

अकोल्याची नावं नीट ऐकू आली. अमरावतीच्या वेळी मागून बारीक तबला सुरू झाला. शालिग्रामने गाळणीचा स्क्रू फिरवला. तबला वाढला.

"आवाज वाढव बे!" पंजाबराव ओरडले.

आवाज वाढवला तसं गाणंही वाढलं.

"जिल्हा बुलढाणा," निवेदक म्हणाला. "मेहकर तालुका..." आणि पुढे नुसतं गाणं.

शालिग्रामने डब्याचं झाकण उपटलं. तारेवर ओल्या हळदीकुंकवाची बोटं होती. पाणी सुतात पार मुरलं होतं. तो धोतराच्या सोग्याने तार टिपत राहिला. त्याला रडू येत होतं. ओल निघेना.

गाणं संपलं तेव्हा निवेदक यवतमाळला पोचला होता.

"काऊन रे शालिग्राम, काय झालं?" मनकर्णाबाईंनी विचारलं. "माह्या निवृत्तीचं नाव घेतलं काय त्यानं?"

त्याने झाकण घाईने लावलं.

"नाही समजलं मावशी. माह्यंच चुकलं. तार बराबर नाही बसली."

कपाळावरचं कुंकू सावरून मनकर्णाबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांची बोटं हळदीने अजून पिवळी होती.

"जीवाले लावून नको घेऊ, बाप्पा. तू जेवाले गेलता तवा म्या झाकण काढून तुह्या तारीले हळदीकुंकू वाह्यलं. म्हणून तं मेहकरचं नाव तरी कानावर पडलं."