नऊ पांढऱ्या सोंगट्या

शेजारच्या कुमुदताईंचा शिऱ्याचा डबा रिकामा कसा परत द्यायचा? दिगंबरपंतांना तर चहाही धड जमत नसे. त्यांच्याकडे होते कपाटभर पटावरचे खेळ, आणि समोर बसायला कुणी नाही म्हणून दोन्ही बाजूंनी ते स्वतःच खेळत.

शेवटी त्यांनी डब्यात लाडक्या नवकंकरीच्या नऊ पांढऱ्या सोंगट्या घातल्या, डबा ताईंच्या दारात ठेवून बेल वाजवली आणि घरात धूम ठोकली. बाई आपल्याला खुळा समजणार!

दोन मिनिटांत ताई डबा खुळखुळवत हजर. "काळ्या तुमच्याकडेच ना? मग मांडा पट."

तासाभरात पंत तीनदा हरले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाकडून. आनंदाने त्यांना खुर्चीत बसवेना.

जाताना ताईंनी रिकामा डबा टेबलावरच ठेवला. "उद्या यात काळ्या भरून पाठवा."