बधिर बोटं

बाळाच्या टबात बर्फ होता आणि बर्फात तिचे दोन्ही हात.

"मनगटापर्यंत बुडव. उगाच कचरू नकोस," सासूबाई म्हणाल्या. पाण्याने भरलेला मग हातात घेऊन त्या न्हाणीघराच्या दारात स्टुलावर बसल्या होत्या. अट त्यांचीच होती. उद्या दोनशे किलोमीटर सायकल, तीही या पावसात आणि गारठ्यात. वाटेत पंक्चर झालं आणि काकडलेल्या हातांना काढता आलं नाही, तर? आज घरात काढून दाखव. जमलं तर बाळाला दिवसभर मी सांभाळते. नाही जमलं तर सायकल माळ्यावर.

"आई, बर्फ जरा जास्त होतोय," नवरा म्हणाला. बाळ त्याच्या कडेवर होतं.

"तू गप्प राहा. तुला तर उन्हातसुद्धा जमत नाही."

तिने हात बाहेर काढले. बोटं लालभडक झाली होती आणि आपली वाटतच नव्हती. चाक मांडीवर घेतलं, तोच सासूबाईंनी पाऊस म्हणून वरून मग ओतला. पाणी अंगातल्या रेनकोटाच्या गळ्यातून थेट पाठीत उतरलं. दात कडाकडा वाजले, पण टायर सुटला. फुटकी ट्यूब निघाली.

नवी घालण्याआधी तिने टायरच्या आतून बोटं फिरवली. टोचणारं आतच राहिलं, तर नवी ट्यूबही जायची. एकदा फिरवली, पुन्हा फिरवली. काहीच कळेना. खिळा असता तरी या बोटांना पत्ता लागला नसता.

"काही नाहीये त्यात," नवरा म्हणाला.

"आहे. मीच टोचलीय. बारीक तार." सासूबाईंनी दुसरा मग ओतला.

"आई!"

"रस्त्यावरची तार काय हिला सांगून टोचणार आहे?"

बाळ कुरकुरलं, मग रडायलाच लागलं. ओल्या कपड्यांच्या आत तिला पान्हा फुटला. तिने मान वर केली. क्षणभर वाटलं, द्यावं सोडून. बाळाची हनुवटी लाळेने चिंब झाली होती.

"त्याचं लाळेरं दे."

"आत्ता?"

"दे म्हटलं ना!"

लाळेऱ्याचा बोळा करून तिने तो टायरच्या आतून सावकाश फिरवला. अर्ध्यावर सुती कापड अडकलं. एक धागा ओढला गेला. ती वाकली, दातांनी तार उपसली आणि फरशीवर थुंकली.

सासूबाईंचा तिसरा मग हवेतच राहिला.

नवी ट्यूब आत गेली. टायरची शेवटची वीतभर कड बसेना. अंगठ्यांत जोर नव्हता. तिने चाक पोटाशी घट्ट धरलं आणि तळव्यांनी रेटलं. आणखी रेटलं. खाडकन कड बसली. पंपाने हवा भरली. मग आस धरून चाक उचललं आणि फिरवलं.

टायरवरच्या पाण्याची धार भिंतीवरून छतापर्यंत चढली, सासूबाईंच्या चष्म्यावरूनही गेली. बाळ रडायचं विसरून चाकाकडे बघत राहिलं.

सासूबाईंनी चष्मा पुसला नाही.

"जोरात," त्या म्हणाल्या. "अजून जोरात फिरव."